सालीच्या रंगाचे शर्ट

सात मॅच झाल्या होत्या. त्यातल्या सहा आमच्या गावाची टीम हरली होती. एक बरोबरीत सुटली, ती पण समोरच्यांची दोन पोरं कुठल्याशा हळदीला गेली होती म्हणून. टीमचा कोच मी. पण त्या सातातल्या पहिल्या सहा मॅचना मी ग्राउंडवर नव्हतो. पाच महिने मी घरात बसून होतो.

का ते आधी सांगून टाकतो. माझी बायको गेली तेव्हा मी ग्राउंडवर होतो.

गणपतीच्या आधीची गोष्ट. दोन दिवस ती छातीत जड वाटतंय म्हणत होती. बाजारात मासळी विकायला गेली नव्हती, म्हणजे खरंच काहीतरी असणार, कारण ती ताप घेऊन पण पनवेलच्या मार्केटात बसणारी बाई. संध्याकाळी मी शिट्टी गळ्यात घालून दारात घुटमळलो. ती म्हणाली, "जावा तुमी. तोंड पाडून घरात बसू नका. मी चहा टाकते तवर या." मी गेलो. पोरांना दोन तास पळवलं. परत येऊन चपला काढता काढता बोललो, "चहा टाकला का?" ती भिंतीला टेकून बसली होती. मी परत विचारलं. तिसऱ्यांदा जरा ओरडूनच विचारलं. मग मला कळलं.

शिट्टी खिळ्याला अडकवली ती अडकवली. फुटबॉल हा शब्द घरात कुणी काढला तरी मी उठून मागच्या दारी जायचो.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. वयात आलो तसा बापाच्या बोटीवर खलाशी म्हणून गेलो. खाडीत मासळी कमी झाली तेव्हा कंपनीत लागलो. कंपनीची फुटबॉल टीम होती. तिथे एका साहेबाने माझे पाय बघितले आणि म्हणाला, तू मागे उभा राहा आणि कुणाला पुढे जाऊ देऊ नको. बारा वर्षं मी कुणाला पुढे जाऊ दिलं नाही. रिटायर झाल्यावर गावातल्या पोरांना शिकवायला लागलो. बायकोला ह्यातलं काडीचं आवडायचं नाही. "तुमचं तोंड बघायचं तर ग्राउंडवर यायला लागंल," असं ती चारचौघीत बोलायची. ती कधी एकही मॅच बघायला आली नाही. टोपली घेऊन बांधावरून जाताना पोरांना मात्र शिव्या घालायची, बॉल टोपलीवर आला की.

तर पाच महिने गेले. एक दिवस जेवायला वाढता वाढता सूनबाई बोलली, "बाबा, टीम बंद करणार हायत म्हणे."

"कोण?"

"कमिटी. लीगमधून बाहेर गेले तर ग्राउंडावरचे गोलपोस्ट काढून क्रिकेटचं पिच टाकणार. सगळे बोलतायत."

आमची लीग म्हणजे आसपासच्या सहा गावांची. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, दहा मॅच, आणि शेवटचा नंबर बाहेर. शेवटी आम्हीच होतो.

मी भात तसाच ठेवला. राग आला. कुणाचा ते नीट सांगता येत नाही. माझ्या डोक्यात एकच आलं. ज्या ग्राउंडसाठी मी तिच्या जवळ नव्हतो, ते ग्राउंडच राहणार नसेल, तर मी त्या संध्याकाळी नेमका कुठे होतो? कशासाठी होतो? तिच्या फोटोसमोर मी काय सांगणार होतो, पिचवर गेलो होतो म्हणून?

दुसऱ्या दिवशी सातवी मॅच होती. मी शिट्टी न घेता गेलो आणि बांधावर बसलो.

जे बघितलं ते ऐका. त्या वर्षी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत गावाचे दोन गट झाले होते. दोन्ही गटांच्या पुढाऱ्यांना टीमला जर्सी द्यायची होती. कुणी मागे हटेना. लीगचा नियम, सगळ्यांचा रंग एक पाहिजे. म्हणून दोघांनी पिवळाच रंग दिला, पण छातीवर आपापला फोटो छापून. एकाचा हात जोडलेला फोटो, दुसऱ्याचा कानाला मोबाइल लावलेला. गावात आम्ही त्यांना तेव्हापासून हात-जोडे आणि फोनवाले म्हणतो, त्यांना पण माहीत आहे. सहा पोरं एकाच्या फोटोची, पाच दुसऱ्याच्या. पुढच्या मॅचला उलटं, पाच आणि सहा. पालखीला खांदा द्यायला जसे आळीवार नंबर लावतात तशी कमिटीने टीम लावली होती. कुणाला खेळता येतं हे कुणी विचारलंच नव्हतं. दहा नंबर पण दोन्ही गटांना पाहिजे होता, म्हणून ग्राउंडवर दहा नंबरची दोन पोरं. रेफरीने एकाच्या पाठीवर चिकटपट्टी लावून दहाचा एकोणीस केला होता.

हे चाललं असतं एकवेळ. पण हात-जोडेवाली पोरं फोनवाल्यांच्या पोरांना बॉलच देत नव्हती, आणि ती ह्यांना. आमचा कप्तान फोनवाल्याचा सख्खा पुतण्या. पोरगा वाऱ्यासारखा, गावात तसा दुसरा नाही. त्याच्या पायात बॉल, आणि डाव्या अंगाला आमचा विंगर एकटा उभा, हात वर करून ओरडतोय. त्याच्या आजूबाजूला माणूस नाही. कप्तानाने त्याच्याकडे बघितलं. छातीवरचे जोडलेले हात बघितले. आणि स्वतः तीन माणसांच्या अंगावर गेला आणि पडला.

पाच गोल खाल्ले. मॅच संपल्यावर पोरं हसत होती. हरल्यावर हसणारी टीम मी आयुष्यात बघितली नव्हती. एका गटाची पोरं दुसऱ्या गटाच्या चुकांना हसत होती, दुसरी ह्यांच्या.

त्याच संध्याकाळी देवळाच्या मंडपात कमिटी बसली होती. मी न बोलावता गेलो.

"या आबा, बसा," फोनवाले म्हणाले. "किती दिवसांनी. तुमचं दुःख आमाला माहीत हाय..."

"दुःख माझं हाय. टीम तुमची हाय. टीमचं बोला."

"आता काय बोलायचं? तीन मॅच राहिल्या. पाचव्या नंबरला नेऱ्याची टीम, त्यांचे आपल्यापेक्षा चार पॉइंट जास्त. सरळ हाय ना सगळं."

"तीन मॅच मला द्या," मी म्हणालो. "अकरा कोण ते मी ठरवणार. कुठे उभं राहायचं ते मी ठरवणार. अंगात काय घालायचं ते पण मी ठरवणार. रेषेच्या आत माझ्याशिवाय कुणी बोलायचं नाय. हरलो तर गोलपोस्ट मी स्वतः उपटून देतो."

हात-जोडे हसले. "अंगात काय घालायचं म्हणजे? जर्सी हायत की."

"त्या जर्सी तुमी घाला. तुमचेच फोटो हायत."

मग दोघेही एकदम बोलायला लागले, पाच महिन्यांत पहिल्यांदा एकाच बाजूने. मी त्यांचं बोलणं संपू दिलं. मग म्हणालो, "तुमची भांडणं तुमच्याकडं ठेवा. माझी बायको मेली तवा मी तुमच्या ह्या टीमला पळवत होतो. मला हिशोब तुमच्याशी नाय करायचा. मला तीन मॅच पाहिजेत."

दिल्या.

पहिल्या प्रॅक्टिसला सतरा पोरं आली. सकाळी सहाला, थंडीत. मी खिळ्यावरची शिट्टी काढून आणली होती. पहिली गोष्ट सांगितली, शर्ट काढा. सगळे. इथे मधे टाका. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. गोलकीपर आमचा अंगाने भरलेला, सगळ्यात आधी त्याने काढला. मग एकेक. कप्तान उभाच.

"काय रे?"

"काकांनी दिलेली जर्सी हाय आबा. अशी मातीत नाय टाकणार."

"घडी घालून ठेव मग."

"नाय काढणार."

"मग काकांच्या अंगणात जाऊन खेळ."

मी शिट्टी वाजवली, बाकीच्यांना म्हणालो पळा. तो गेला. जाताना म्हणाला, "माझ्याशिवाय जिंकून दाखवा." त्याच्या मागे अजून दोघे गेले. चौदा राहिली. मला आतून भीती वाटली, खोटं कशाला बोलू. सगळ्यात चांगला पाय मी हाकलून दिला होता. पण वाजवलेली शिट्टी परत तोंडात घेता येत नाही.

ही पोरं सगळी बॉलच्या मागे पळायची, ती सवय मोडायला मी त्यांना भावाच्या होडीत बसवलं. अकरा जण. खाडीत ओहोटी लागत होती, पाणी कमरेएवढं. मी काठावरून ओरडलो, "उजवीकडं मासा! सगळे बघा!" सगळे उजवीकडे झुकले आणि होडी उलटी. चिखलात अकरा डोकी. गोलकीपरचं फक्त तोंड दिसत होतं आणि त्या तोंडातून काय काय निघत होतं ते लिहीत नाही. मी म्हणालो, "तुमचे बाप-आजे जाळं ओढताना आपापल्या जागेवर उभे राहिले म्हणून घरी परत आले. ज्याची जागा त्याची. बॉल तुझ्या जागेत आला तर तुझा. नायतर उभा राहा." खाडीकाठच्या पोरांना ह्याच्यावर जास्त बोलावं लागत नाही.

आता शर्टांचं. पनवेलच्या बाजारातून मी पांढरे बाह्यांचे बनियन आणले. पांढरे चालणार नव्हते, दुसऱ्या एका गावाचा रंग पांढरा. सूनबाई म्हणाली, बाबा, छापून आणा ना कुठून. मला छापायचं नव्हतं. छापलं की कुणाचं तरी काहीतरी छापलं जातं.

आमच्या वेळी जाळी सुताची असायची. नायलॉन नंतर आलं. सुताचं जाळं खाऱ्या पाण्यात कुजतं, म्हणून ऐनाची साल उकळून त्या पाण्यात ते बुडवायचं. साल दिलेलं जाळं लालसर तपकिरी व्हायचं आणि तो रंग कशाने जायचा नाही. आमच्या मागच्या दारी त्याचा तांब्याचा मोठा हंडा होता. लग्न होऊन आली त्या वर्षी बायकोने माझ्याबरोबर साल दिली होती. पंधरा दिवस तिचे हात कोपरापर्यंत तपकिरी होते. माहेरी गेली तर तिच्या आईला वाटलं पोरगी भाजली. तिने मला त्याबद्दल चाळीस वर्षं ऐकवलं.

नायलॉन आल्यावर हंडा पडून होता. तिने त्याच्यात माती भरून अळू लावलं. तिच्यामागे पाच महिने मी त्याला रोज पाणी घालत होतो. अळूची वडी मी खातसुद्धा नाही, घसा खाजतो. तरी घालत होतो.

त्या सकाळी मी हंड्यासमोर बसलो आणि बराच वेळ बसूनच राहिलो. सूनबाई दारातून बघत होती. मग तिने काही न विचारता खुरपं आणून दिलं. दोघांनी मिळून अळू काढलं आणि मोरीच्या पाण्याजवळ जमिनीत लावलं. हंडा घासला. साल मला नेऱ्याच्या वरच्या पाड्यावरच्या ओळखीच्या माणसाने आणून दिली. चुलाण पेटवलं. पोरांना बोलावलं. प्रत्येकाने आपला बनियन आपल्या हाताने बुडवायचा, असा हुकूम. दोन्ही गटांची पोरं एका हंड्यात कोपरापर्यंत हात घालून उभी, आणि त्यांच्याबरोबर मी पण. एकजण म्हणाला, "आबा, हे हात कधी साफ होणार?" मी म्हणालो, "मॅच संपल्यावर." सुकल्यावर पाठीवर होडीच्या पांढऱ्या पेंटने मी नंबर टाकले. एक दहा. एकच.

आठव्या मॅचला आम्ही त्या शर्टांत उतरलो तेव्हा समोरची पोरं हसून लोळायला लागली.

"ए, सुका जवळा आला रे!"

"कटिंगमध्ये बुडवून आणलेत काय?"

आमचा गोलकीपर म्हणाला, "बिस्किट आण, बुडवायला." मी त्याला गप्प केलं. मनात हसलो.

ती मॅच शून्य-शून्य. तुम्हाला वाटेल त्यात काय. अहो, सात मॅचमध्ये अठ्ठावीस गोल खाल्लेली टीम, तिने एक पण खाल्ला नाही. माझे दोन फुलबॅक शेवटी उभे राहू शकत नव्हते, पण जागा सोडली नाही. बांधावर कप्तान बसला होता, पिवळ्या जर्सीत. मी त्याच्याकडे बघितलं नाही. पण तो शेवटपर्यंत बसला होता हे मला माहीत होतं.

दोन दिवसांनी सकाळी तो दारात उभा.

"आबा, येऊ का?"

"शर्ट बुडवायला लागेल. पाणी हाय अजून हंड्यात."

त्याने बुडवला. हात बाहेर काढून बघत राहिला. मग म्हणाला, "नंबर?"

"बारा."

"बारा? मी कप्तान हाय आबा."

"होतास."

त्याचे कान लाल झाले. मला वाटलं, गेला परत. पण तो गेला नाही. बनियन दोरीवर टाकला, चिमटा लावला, आणि सूनबाईकडे पाणी मागून प्यायला. कप्तान मी आधीच गोलकीपरला केलं होतं.

नववी मॅच आमच्या ग्राउंडवर. मी कप्तानाला, म्हणजे जुन्या कप्तानाला, बाकावर बसवलं. हाफ टाइम झाला, गोल कुणाचाच नाही, आणि फोनवाले बांधावरून खाली आले. मागे पाच-सहा माणसं. सरळ रेषेच्या आत.

"आबा, हे काय चाललंय? माझा पुतण्या बाकावर, आणि ही भजीच्या गाडीवरची पोरं खेळतायत?"

मी हातातली पाण्याची बाटली खाली ठेवली. "रेषेच्या बाहेर."

"काय?"

"तुमी रेषेच्या आत हाव. बाहेर व्हा."

"मी गावाचा..."

"गावाचे तुमी जे कोण असाल ते बांधावर. इथे रेषा हाय."

समोरची टीम पण बघत होती. माझं वय तेव्हा अडुसष्ट, गुडघे गेलेले. फोनवाल्याच्या एका माणसाने मला ढकललं असतं तरी मी पडलो असतो. ते पुढे एक पाऊल आले. तेवढ्यात बाकावरून पोरगा उठला.

"काका, बाहेर जा," तो म्हणाला. "रेफरी बघतोय. आमाला कार्ड मिळंल."

काका त्याच्याकडे बघत राहिले. त्याच्या अंगावरच्या तपकिरी शर्टाकडे. मग हळूहळू मागे सरकले, आणि त्यांची माणसं त्यांच्या आधी मागे सरकली. हात-जोडे बांधावर उभे राहून हसत होते. मी त्यांना पण बोट दाखवून सांगितलं, "तुमचा एक पाय आत हाय." त्यांनी पाय काढला.

दुसऱ्या हाफला कॉर्नरवरून आमच्या फुलबॅकने डोक्याने गोल मारला. कॉर्नरला पुढे जा म्हणून मीच त्याला सांगितलं होतं, तेवढ्यापुरती जागा सोडायला. एक-शून्य. पहिली जिंकलेली मॅच. पोरं माझ्याकडे पळत आली तर मी म्हणालो, "नाचू नका. अजून एक हाय." घरी येऊन मी मागच्या दारी एकटाच दोन मिनिटं नाचलो. सूनबाईने बघितलं, तिने कुणाला सांगितलं नाही.

त्या दोन आठवड्यांत नेऱ्याची टीम दोन्ही मॅच हरली होती. म्हणजे आता दोघांचे पॉइंट सारखे, आणि शेवटची मॅच आमची त्यांच्याशीच. पण आमच्या अंगावर गोल जास्त. बरोबरी झाली तर आम्ही बाहेर. जिंकायलाच पाहिजे होतं.

नेऱ्याची पोरं डोंगराखालची, शेतात काम केलेली, पोटऱ्या कातळासारख्या. दहाव्या मिनिटाला त्यांनी गोल केला. बांधावर अख्खं गाव होतं. बाया पण आल्या होत्या, मार्केटातल्या, माझ्या बायकोच्या शेजारी बसणाऱ्या. गोल झाल्यावर त्यांतली एक ओरडली, "अवो आबा, बायकोनं सांगितलं नाय का, टोपलीवर झाकण नीट लावायचं!" लोक हसले. मला काय झालं कुणास ठाऊक, मी पण हसलो. पाच महिन्यांत तिच्या नावाने पहिल्यांदा हसलो.

हाफ टाइमच्या आधी आम्ही बरोबरी केली. पेनल्टी मिळाली, गोलकीपरने स्वतः येऊन मारली आणि धापा टाकत परत पळाला. एक-एक. मग अर्धा तास नुसती ओढाताण.

त्या दिवशी उधाणाची भरती होती. आमचं ग्राउंड खाडीला लागून. मोठ्या भरतीला बांधाच्या खालून पाणी झिरपतं आणि डाव्या कोपऱ्यात माती मऊ होते. पाणी दिसत नाही, पण बॉल तिथे घरंगळत नाही, बसतो. ते आमच्या पोरांना जन्मापासून माहीत. शेवटची बारा मिनिटं राहिली तेव्हा मी बारा नंबरला, जुन्या कप्तानाला, बाकावरून उठवलं.

"जा. काय करायचं माहीत हाय?"

"हाय."

"काय?"

"बॉल डाव्या कोपऱ्यात बसणार."

"आणि?"

त्याने विंगरकडे बघितलं. मग म्हणाला, "आणि कोण मोकळा हाय ते बघायचं."

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. पेंट अजून जरा चिकट होता.

पाच मिनिटं राहिली होती. आमच्या फुलबॅकने बॉल लांब डावीकडे मारला. नेऱ्याच्या पोराला वाटलं बॉल बाहेर जाणार, त्याने पळायचं सोडलं. बॉल कोपऱ्यात गेला आणि बसला, कोंबडी अंड्यावर बसावी तसा. बारा नंबर तोपर्यंत तिथे पोचला होता. तो बॉल घेऊन आत वळला. समोर दोन माणसं आणि गोलकीपर. सातव्या मॅचमधला तो असता तर एकटाच घुसला असता. गोलच्या समोर आमचा विंगर, हात-जोडेवाल्यांचा, एकटा, हात वर करून उभा. मी शिट्टी तोंडात धरली होती आणि दातांनी चावत होतो.

त्याने बघितलं आणि बॉल दिला.

विंगरला एवढ्या महिन्यांत त्याच्याकडून बॉल मिळायची सवयच नव्हती. तो गडबडला. पाय मारायला गेला, पाय हुकला, बॉल गुडघ्याला लागला आणि गुडघ्यावरून आत गेला. असला घाणेरडा गोल मी कधी बघितला नाही. पण गोल. दोन-एक.

पुढची पाच मिनिटं मला आठवत नाहीत. शिट्टी झाली तेव्हा पोरांनी मला उचललं. मी शिव्या घालत होतो, गुडघे दुखतायत, खाली ठेवा. कुणी ऐकेना. तीन मॅच माझा प्रत्येक शब्द ऐकणारी पोरं, तेव्हा एक पण ऐकेना. वरून मला अख्खं ग्राउंड दिसलं. दोन्ही गोलपोस्ट दिसले. गंजलेले, एकाचा दांडा वाकडा. उभे होते.

फोनवाले आणि हात-जोडे दोघे सत्काराची शाल घेऊन आले, दोन वेगवेगळ्या शाली. मी म्हणालो, गोलकीपरला घाला, त्याला थंडी वाजते. आणि नाक्यावर फ्लेक्स लावणार असाल तर पोरांचे फोटो लावा, नुसते पोरांचे. त्यांनी खरंच तसं केलं. कोपऱ्यात दोघांनी आपापले छोटे फोटो घातले, तेवढं मी सोडून दिलं.

घरी आलो. चपला काढल्या. दारातूनच मोठ्याने बोललो, "जिंकलो."

भिंतीजवळची तिची जागा रिकामी होती. मी तिथे जाऊन बसलो. तिथून उत्तर येणार नव्हतं ते मला कळत होतं. पण त्या संध्याकाळी मी कुठे गेलो होतो, ते आता मला सांगता येत होतं. मी तिला सांगितलं. सगळं, गुडघ्याच्या गोलापर्यंत. ती असती तर म्हणाली असती, आधी ते हात धुवा. हात अजून तपकिरीच होते, धुऊन जाणारे नव्हते.

मग मागून आवाज आले. पोरं आली होती, सगळी, चिखलाचे पाय घेऊन. मी उठलो. सूनबाई आत यायला लागली तर तिला म्हणालो, तू बस, चहा मी टाकतो. मोठं पातेलं काढलं. चहा टाकायला मला पाच महिने जमलं नव्हतं. त्या दिवशी टाकला, साखर जास्त झाली, कुणी बोललं नाही.

जुना कप्तान आणि विंगर एकाच पायरीवर बसले होते. कप्तान म्हणाला, "आबा, आता लीग संपली. प्रॅक्टिसला सुट्टी ना?"

"लीग संपली. टीम संपली का?"

"नाय."

"मग उद्या सहाला. शर्ट धुवून आणा. रंग जाणार नाय, घाबरू नका."